मागच्या सीटवरचं वजन

माझ्या जुन्या गाडीनं मागून बूड टेकलं होतं. मळवलीतल्या एका बंगल्यात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली कुजत पडली होती. मालकाच्या मागं लागून मी ती घेतली, रंगवली, चकचकीत केली. पण गाडीचं वजन चाकांवर पेलणारे मागचे कमानपाटे पार दमलेले. पुढून नवरदेव, मागून बसलेली म्हैस. लोणावळ्याला जुन्या गाड्यांचे शौकीन जमतात, त्यांच्यात अशी गाडी उभी करायची मला लाज वाटायची.

आमच्याकडे माझी थोरली आत्या राहायची. विधवा, मूलबाळ नाही, अंगानं जाड आणि गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला चढवत नसे. तिची धाकटी बहीण सोमाटण्याला अंथरुणाला खिळून होती. तीही माझी आत्याच, पण हे मी सोयीनं विसरायचो. गाडी बुटकी, तीत आपल्याला बसता येईल, हे थोरलीनं पहिल्याच दिवशी हेरलं. ‘‘पाटं नीट झालं की तुला नेतो,’’ मी शब्द दिला. खरं तर गाडी तशीही चालत होती. बहिणीला भेटायला बूड वर असावं लागत नाही.

मेकॅनिक म्हणाला होता, रिकाम्या गाडीच्या उंचीचं माप खोटं असतं, मागं वजन ठेवून मोजा. तांदळाची दोन पोती घरात होती. पण पोतं उचलावं लागतं. आत्या आपल्या पायांनी चालत येते.

पहिला उपाय स्वस्तातला. पाट्याचं मागचं टोक ज्या पट्ट्यांना लटकतं, त्या पट्ट्या लांब बसवल्या. रविवारी आत्याला हाक मारली. ती हिरवं लुगडं नेसून, बहिणीसाठी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन आली. मी तिला मधोमध बसवलं आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. माझा मित्र म्हणाला, ‘‘पोत्यापरीस आत्या बरी.’’ आत्यासुद्धा हसली. माप झाल्यावर मी म्हणालो, ‘‘उतर आता, आज नुसतं माप हाय.’’ मग मी आणि मित्र गाडी घेऊन लोणावळ्याला चहा प्यायला गेलो. वळणावर मागचा भाग झुलत होता, म्हणून तो उपाय रद्द. लाडू आम्ही वाटेत खाल्ले. डबा गाडीतच राहिला होता.

दुसऱ्या खेपेला पाट्यांत पोलादी पट्टीचं एक जादा पान घातलं. पुन्हा तेच हिरवं लुगडं. या वेळी डबा नव्हता. ‘‘आज जायाचं नव्हं?’’ तिनं विचारलं. गाडी चांगली उचलली होती, पण दगडासारखी कडक झाली होती. मी वैतागलो होतो. म्हणालो, ‘‘चार वर्सं पडून हाय तुझी भैन. आजून आठ दिस ऱ्हाईल की.’’ आत्या उतरली. मला तेव्हा जराही वाईट वाटलं नाही, हे आज लपवून उपयोग नाही.

शेवटी पाटे काढून सोमाटण्याच्या लोहाराकडे दिले. तो पाटे तापवून, ठोकून त्यांना नव्यानं कमान देतो. मी मित्राच्या टेम्पोनं गेलो. पुढची एक सीट रिकामी होती. धाकट्या आत्याचं घर लोहारापासून दोन गल्ल्यांवर. मी डोकावलो नाही. लोहाराशी कमान किती हवी यावर मात्र तासभर वाद घातला.

दोन दिवसांनी धाकटी गेली. आमची गाडी तेव्हा दारात लाकडी ठोकळ्यांवर उभी. शेजाऱ्याची रिक्षा आणली, थोरलीला तिघांनी उचलून आत बसवलं. आम्ही पोचलो तोवर तिकडे सगळं उरकलं होतं.

पाटे परत बसवले त्या रविवारी मी सवयीनं हाक मारली. आत्या घरातल्या लुगड्यात, पिठाच्या हातांनी बाहेर आली. मागं जाऊन मधोमध बसली, मी शिकवलं होतं तशी. मी टेप लावला. हवी तेवढीच उंची, गाडी पुढून-मागून एका पातळीत. मला इतका आनंद झाला की मी म्हणालो, ‘‘आत्या, बस तशीच. आज म्हणशील तितं नेतो.’’

‘‘आता कुणाकडं नेतूस?’’ ती म्हणाली. ‘‘माप झालं नव्हं? उतरू दे. तवा जळतुया.’’

दाराला धरून, एकेक गुडघा सोडवत ती उतरायला लागली. मी चाकाशी बसलो होतो, हात द्यायला उठलो नाही. तिचं वजन उतरल्यावर बूड किती वर येतं, तेवढं मला अजून मोजायचं होतं.