बादलीतला थर्मामीटर

थर्मामीटर बादलीत पडला तेव्हा पाण्याचा आवाज झाला. अगदी लहानसा. त्या बादलीत सकाळपासूनचे लंगोट भिजत घातलेले होते.

"काकू, तुम्हाला आम्ही ताप बघायला ठेवलेलं नाही," ईशानच्या आई म्हणाल्या. "शी-शू काढायला ठेवलंय. तेवढं नीट करा."

दुपारचा दीड वाजला होता. आर्णीतील माझ्या घराचे फाटक सताड उघडे होते. अर्ध्या दिवसाची मुले न्यायला आलेल्या दोघी जणी पायरीशी उभ्या होत्या. त्यांतील एक हसली. दुसरीने मान फिरवली. हसणारीचा मला राग आला नाही. मान फिरवणारीचा आला, पण तोही फार टिकला नाही. या वयात राग टिकत नाही. अंगात तेवढे त्राण उरत नाही.

मी म्हणाले, "बरं."

अडुसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या दारी. बरं.

माझे वडील संस्कृत पाठशाळेत शिकवीत. पहाटे मला मांडीशी बसवून ते स्तोत्रे म्हणवून घेत. उच्चार चुकला तर रागावत नसत, पहिल्यापासून पुन्हा म्हणायला लावीत. पुढे मी स्वतः शाळेत संस्कृत शिकवले. यजमान गेले, लेक परगावी गेली, आणि रिकाम्या घरात मी पाळणाघर सुरू केले. त्याला आता अकरा वर्षे झाली. घर दोन खोल्यांचे आणि एका स्वयंपाकघराचे. पुढच्या मोठ्या खोलीत मुले. मागच्या लहान खोलीत देव.

माझी एक रीत आहे. सकाळी मूल पायरीवर आले की मी त्याच्या कपाळी भस्म लावते. पालकांना ती भक्ती वाटते. ती भक्ती आहेच. पण भस्म लावताना माझी दोन बोटे कपाळावर क्षणभर टेकतात आणि ताप कळतो. हे मी कोणाला कधी सांगितले नाही. ज्या बोटांना शंका येते, त्या कपाळासाठी मग थर्मामीटर. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद लावलेला होता. वर "श्री", खाली माझ्या अक्षरात: ताप, जुलाब, उलटी किंवा अंगावर पुरळ असल्यास बालकास कृपया घरी ठेवावे. ईशानच्या आई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी तो कागद वाचला होता आणि म्हणाल्या होत्या, "काकू, काय सुरेख अक्षर आहे हो तुमचं!"

त्या महाविद्यालयात शिकवतात. त्यांचे यजमान तालुक्याच्या कचेरीत वरच्या खुर्चीवर आहेत. गावात त्यांना सगळे साहेब म्हणतात. मीही म्हणत असे.

त्या दिवशी सकाळी साडेतीन वर्षांच्या ईशानचे कपाळ थंड होते. अकरा वाजता ते तापलेल्या तव्यासारखे झाले. एकशे दोन. तापाच्या औषधाचा असर संपला की असेच होते, हे मला ठाऊक होते. सकाळी त्याच्या तोंडाला संत्र्याचा गोडसर वास होता. तो मला आला होता. तरी भस्म लावून मी त्याला आत घेतले. साहेबांचा मुलगा.

मी फोन केला. त्या दीडला आल्या, थर्मामीटर बादलीत टाकला, आणि मुलाला तेथेच ठेवून परत कामावर गेल्या. "तास बुडतोय माझा," एवढेच जाताना म्हणाल्या.

मी बादलीत हात घालून थर्मामीटर काढला. धुतला. पुसला. डब्यात ठेवला.

पुढे जे केले ते सांगायला मला लाज वाटते, आणि म्हणूनच मी ते लिहीत आहे.

तापलेल्या मुलाला वेगळे निजवायला हवे होते. वेगळी खोली एकच होती. देवघराची. ती सोवळ्याची. लंगोट घातलेले, कधी उलटी करील सांगता येत नाही असे मूल देवांपुढे कसे निजवायचे? माझ्या वडिलांनी त्या देवांना माझ्या स्वाधीन केले होते. मी उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले. मग मुलाला उचलून पुढच्या खोलीत कूलरसमोर निजवले. तेथेच, दोन हातांवर, परीची झोळी टांगलेली होती.

परी दोन वर्षांची. सुनीताची मुलगी. सुनीता कापसाच्या जिनिंगमध्ये, रुईच्या धुळीत, कामाला जाते. परी जन्मतःच अशक्त. तिचे मनगट माझ्या अंगठ्याएवढे होते. झोळीतून हात बाहेर काढून ती माझ्या पदराचे टोक धरून झोपत असे.

त्या दुपारी तिने ईशानचा हात धरला. मी पाहिले. गोड वाटले मला.

दुसऱ्या दिवशी ईशानच्या छातीवर चार-पाच पाणीदार फोड. वरून गुलाबी औषध, त्यावर पावडर.

"डास हो," त्याच्या आई म्हणाल्या. "तुमच्याच अंगणात चावले असतील. ती झाडं तोडून टाका बरं."

"बरं," मी म्हणाले.

संध्याकाळी सुनीता परीला न्यायला आली. तिने ते फोड पाहिले. माझ्याकडे पाहिले. परीला कडेवर घेतले. तिसऱ्या दिवसापासून ईशान आला नाही. त्याच्या आजी यवतमाळहून आल्या होत्या, आईने रजा घेतली होती, कडुलिंबाच्या पाल्यावर त्याला निजवले होते. सारे काही यथासांग. कांजिण्या त्याला हलक्याच निघाल्या.

पंधरा दिवसांनी परीला निघाल्या. तिला हलक्या निघाल्या नाहीत. डोळ्याच्या कडांना, जिभेवर, तळहातावर. मग फोड पिकले. मग छाती भरली. सुनीताने तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेले. अकरा दिवस ती मुलगी नळीतून श्वास घेत होती. मी रोज संध्याकाळी देवापुढे बसून जप करीत होते. माळ फिरत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे तो उंबरा होता. ज्या खोलीचे सोवळे मी राखले, त्याच खोलीत बसून मी त्या मुलीचे प्राण मागत होते.

याच दिवसांत एकदा ईशानच्या घरून दहीभाताचा डबा आला. मुलगा उठला म्हणून प्रसाद. मी तो गाईला घातला. पहिल्यांदाच मी प्रसाद खाल्ला नाही.

परी वाचली. तिला घरी आणल्याचे कळले तेव्हा मी भेटायला गेले. सुनीताचे घर नाल्यापलीकडे, पत्र्याचे. तिने मला खाट टाकून दिली. पाणी दिले. परी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिच्या गालांवर खड्डे पडले होते आणि केस काढून टाकले होते. मी "परी" म्हटले. तिने पाहिले नाही.

सुनीता खाली बसली. गुडघ्यांवर हात ठेवून.

"आजी, एक विचारू? राग नोका मानू."

"विचार."

"तवा मायी पोरगी शेंबडी होती, तं तुमी पायरीवरूनच वापस धाडली. कागद दाखोला मले. मले वाचता येत नाही, तं वाचूनबी दाखोला. मी तिले जिनिंगात घेऊन गेली. दिवसभर रुईच्या भुरक्यात बसून राह्यली थे. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, आजीचा कायदा हाये, चांगलाच असन."

ती थांबली. परीच्या अंगावरचे पांघरूण नीट केले.

"मंग त्या सायबाच्या पोरासाठी कागद कुठी गेलता?"

आवाज चढलेला नव्हता. ती खरोखर विचारत होती. मला उत्तर ठाऊक असेल, असे तिला वाटत होते.

मी हात जोडले. ती घाईघाईने म्हणाली, "असं नोका करू, आजी. लोकं पाहून राह्यले."

त्या बाईने भर दारात माझा थर्मामीटर बादलीत टाकला, तो अपमान मी महिनाभर उराशी धरून बसले होते. विदुषीचा अपमान. वृद्धेचा अपमान. आणि इकडे मी एका मजूर बाईला नियम वाचून दाखवला होता, अधिकाऱ्याच्या बाईपुढे तोच नियम गिळला होता, आणि त्या गिळण्याला मनात सौजन्य असे नाव दिले होते. वडिलांनी मला नम्र राहायला शिकवले. कोणापुढे, हे त्यांनी सांगितले नव्हते. ते मी माझे ठरवले होते. गाडी पाहून ठरवले होते. ही पायरी मी रोज झाडते. तिच्यावर कोणी किती वेळ उभे राहायचे, हेही मीच ठरवीत होते.

घरी आले. स्नान केले. देवांची क्षमा मागितली आणि एकेक मूर्ती उचलून स्वयंपाकघरात नेली. पिठाच्या डब्यांवरच्या फळीवर धूतवस्त्र अंथरले, तेथे त्यांची स्थापना केली. मागची खोली फिनाइलने पुसली, खिडकी उघडली, एक गादी घातली. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "अहो, देव फळीवर? अन् थ्या खोलीत काय करता?"

"आजारी मूल निजवीन."

"इटाळ-चांडाळ नाही का होत मंग?"

"होऊ द्या," मी म्हणाले.

जुना कागद काढला. नवा लिहिला. "श्री" ठेवले. "कृपया" काढले.

ताप असलेले मूल घरी ठेवावे. घरी पाहणारे कोणीच नसेल तर तसे खरे सांगावे, मागच्या खोलीत वेगळे ठेवले जाईल. औषध पाजून ताप लपवून आणलेले मूल घेतले जाणार नाही. हा नियम सर्वांना आहे.

तो मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवला. ज्याला वाचता येते त्यालाही. ईशानच्या आईंनी हातातल्या मोबाइलकडे पाहत तो ऐकला.

त्यानंतरच्या महिन्यातली एक सकाळ. पावणेनऊ. गाडी थांबली. ईशान उड्या मारत पायरीवर आला आणि सवयीने कपाळ पुढे केले. थंड होते. पण तोच वास. संत्र्याचा. शर्टाच्या गळ्यावर ओला डाग.

"ईशान, औषध घेतलंस का रे बाळा?"

"हो," तो म्हणाला. "पण आजी, तुला सांगायचं नाही."

त्याच्या आईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग सावरला. "व्हिटॅमिनचं आहे हो ते काकू."

"याला घरी न्या."

"आज परीक्षा आहेत आमच्याकडे. बाहेरून लोक आलेत."

"कागदावर लिहिलं आहे. मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. ताप आहे, घरी कोणी नाही, असं सरळ सांगितलं असतं तर मागची खोली मोकळी होती."

"साहेबांना फोन लावू का?"

"लावा."

"या एवढ्याशा गावात पाळणाघर चालवायचं आहे ना तुम्हाला?"

"चालवायचं आहे. मूल घेऊन जा."

मी पायरीवरच उभी राहिले.

ईशान आमच्या दोघींकडे पाहत होता. "आजी, भस्म?" त्याने विचारले. त्याचा काय दोष? मी त्याच्या कपाळी भस्म लावले, केस सारखे केले, आणि फाटक लावून घेतले. आतून कडी.

कचेरीतल्या लोकांची पाच मुले त्या आठवड्यात यायची बंद झाली. आता तीन येतात. म्हातारीचे डोके फिरले, असे गावात बोलले जाते. मी थकले आहे. दुपारी पाठ टेकली की उठवत नाही. परी आलेली नाही. सुनीता तिला अजून जिनिंगातच नेते, रुईच्या भुरक्यात. मी दोनदा जाऊन आले. "पाहू, आजी," एवढेच ती म्हणाली. तिने यावे असा माझा अधिकार नाही. खोली मात्र रोज पुसून ठेवते.

थर्मामीटर तोच आहे.

उद्या पावणेनऊला मी फाटक उघडीन. गाडीतून उतरलेले मूल असो की कडेवरून उतरलेले, आधी त्याच्या तोंडाचा वास घेईन. मग कपाळ पाहीन. मग भस्म. आणि ज्याला परत पाठवायचे, त्याला परत पाठवीन. त्याचा बाप कोण, हे मी विचारणार नाही. कोणी सांगितले तरी ऐकणार नाही.