हो न म्हणणारा माणूस

कांदा काढताना माझ्या बायकोला घोणस चावली. जीव वाचला, पण विषानं दोन्ही किडन्या बंद पडल्या, लघवी थांबली. आळेफाट्याच्या दवाखान्यात तिला भरती केलं, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं आणि ते मशीन चालवणारा माणूस आमच्या ओळखीचा झाला.

तो डिंभ्याहून एसटीनं यायचा. बोलताना मशीनच्या नळीवर दोन बोटं ठेवायची त्याची सवय होती, नाडी बघावी तशी. "बरी होईल ना?" असं विचारलं की तो कधीच हो म्हणायचा नाही.

एकदा म्हणाला, "भाऊ, आतल्या लई पेशी मेल्यात. पण जखमी पेशी शेजारणीला निरोप धाडती. मग शेजारीण उठती, एकीच्या दोन व्हत्यात, मोकळी जागा भरत्यात. आपलं मशीन तवर नुसता येळ काढतंय."

"आणि निरोप पोचलाच नाही तर?"

तो मशीनवरचा आकडा वहीत टिपू लागला.

तिसऱ्या आठवड्यात, सुट्टी असूनही तो सकाळीच आला. लघवीची पिशवी खिडकीच्या उजेडात धरून त्यानं दोनदा आकडा वाचला आणि चपला घालायचं विसरून डॉक्टरांकडे पळाला. त्या दिवशी मशीन लागलं नाही. पुढेही लागलं नाही.

घरी निघताना मी म्हणालो, "तुमचं बोलणं खरं झालं."

"माझं कसलं बोलणं?" तो म्हणाला. "तुमच्या आधी या खाटेवर एक बाई व्हती. तिलाबी हेच सांगितलं व्हतं. तिचा निरोप पोचला न्हाई."

आणि वाकून तो खाटेवर धुतलेली चादर अंथरू लागला.