दहाव्या नंबराची पट्टी

त्या गुरुवारी मी दोह्यात, फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या गल्लीतल्या दुकानात कोथिंबीर निवडत होते. शुक्रवारच्या पोह्यांसाठी. दुकानदार म्हणाला, ताजी संध्याकाळी येईल. मी म्हटलं, हीच दे. तेवढ्यात मिलिंद भावजींचा फोन आला. भावजी एरवी "वहिनी, एक गंमत सांगतो" इथूनच सुरुवात करतात. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "वहिनी, घरी आहात का?" मी दुकानात असल्याचं सांगितलं. "मग आधी घरी जा," ते म्हणाले, "मी तिथंच येतोय."

अविनाश, माझा नवरा, साइटवर कोसळला होता. भावजी घरी पोचले तेव्हा कोथिंबिरीची जुडी माझ्या हातातच होती. पैसे दिले होते की नाही, आठवत नाही. दुकानदारानेही कधी विचारलं नाही.

पुढचे काही दिवस लोक डबे घेऊन येत होते. वरण-भात, खिचडी, शेजारच्या मल्याळी बाईंचं मोरू, म्हणजे त्यांच्याकडचं ताक. प्रत्येक डब्याबरोबर अविनाशचा एक किस्सा यायचा. आधी हळू आवाजात, मग कुणीतरी हसायचं आणि हसल्याबद्दल माफी मागायचं. डबे मी घासून परत केले. किस्से परत करता येत नाहीत, ते माझ्याकडेच राहिले. बहुतेक सगळे बास्केटबॉलचे आहेत, याला माझा इलाज नाही.

*

दोह्यातल्या मराठी माणसांना क्रिकेट पुरतं. अविनाशला पुरलं नाही. लग्नाआधी तो दोन वर्षं अमेरिकेत कामाला होता, आणि तिथून त्या शहराचा बास्केटबॉल संघ जन्मभरासाठी घेऊन आला. लोक चॉकलेटं आणतात.

हा संघ वाईट नव्हता. वाईट असता तर सोडून देता आला असता. तो दरवर्षी थोडक्यात हरायचा.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, पहाटे आमच्या हॉलमध्ये तिघं जमायचे. अविनाश, त्याचा नाशिकपासूनचा मित्र मिलिंद भावजी, जे बांधकामातल्या विटा-सळया मोजण्याच्या नोकरीत आहेत आणि घरीही मोजत असतात, आणि तानाजीभाऊ, माण तालुक्यातले एसी मेकॅनिक. भाऊ एकदा आमचा एसी दुरुस्त करायला आले, टीव्हीवर सामना चालू होता, आणि मग ते दर शुक्रवारी येत राहिले. एसी त्यानंतर कधी बिघडला नाही.

आमच्या फ्रिजच्या दारावर तक्ता होता. लाँड्रीवाले आणि किराणावाले दाराला चुंबकाच्या जाहिराती अडकवून जातात, त्या कापून अविनाशने पंधरा पट्ट्या केल्या होत्या, एकेका संघाच्या नावाची एकेक. त्या लीगमध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग, प्रत्येकात पंधरा संघ. त्याचा संघ पूर्वेचा, म्हणून हा पूर्वेचा तक्ता. रोज सकाळी निकाल पाहून तो पट्ट्या वरखाली करायचा आणि मगच चहा घ्यायचा. मागून पाहिलं तर माणूस पूजा करतोय असं वाटायचं.

*

आता या पंधरांतून पुढं कोण जातं, ही भानगड तानाजीभाऊंना समजावताना मी स्वयंपाकघरातून ऐकली आहे. पहिले सहा सरळ प्लेऑफमध्ये. सात ते दहा या चौघांसाठी उरतात दोन जागा, आणि त्यासाठी प्ले-इन. सातवा आणि आठवा एकमेकांशी खेळणार, जिंकेल तो आत. हरेल त्याला आणखी एक संधी, पण नववा-दहावा यांच्यात जो जिंकला असेल त्याच्याशी. म्हणजे सातव्या-आठव्याला एक विजय पुरतो, नवव्या-दहाव्याला दोन लागतात. आणि अकराव्याने घरी जायचं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. अल नस्रमध्ये ते दहा जणांच्या खोलीत राहतात आणि बाथरूम एक आहे. पुढच्याच आठवड्यात त्यांनी खोलीत हाच नियम लावला. बस येईपर्यंत आठच आंघोळी होतात. ज्यांची ड्यूटी आधी, ते सहा जण सरळ आत. उरलेले चौघं आदल्या संध्याकाळी कॅरमवर प्ले-इन खेळणार.

एक नेपाळी पोरगा होता, सगळ्यांत शेवटी उठणारा, म्हणून दहावा. तो कॅरममध्ये नववा पाडायचा, मग दुसरा सामनाही काढायचा आणि रोज सकाळी आंघोळ करून टवटवीत बसमध्ये बसायचा. सातव्या नंबरवाल्याने भाऊंकडे तक्रार केली. भाऊ म्हणाले, "नियम अमेरिकेचा हाय, माझा न्हाय."

हे ऐकून अविनाशला राहवेना. दहाव्या नंबरावरून आत गेलेला माणूस त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्या मुलाला त्याने शुक्रवारी जेवायला बोलावलं, श्रीखंड वाढलं आणि फार गंभीरपणे विचारलं की दोन्ही सामने जिंकून आत गेल्यावर कसं वाटलं.

मुलगा बिचारा विचारात पडला. "सर," तो म्हणाला, "पानी बहुत गरम था."

*

अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळं एक तास पुढं करतात. कतारमध्ये असलं काही नाही. त्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे साडेसहाला लागणारा सामना मार्चनंतर साडेपाचला लागतो. हे मिलिंद भावजी दरवर्षी सगळ्यांना सांगतात. मेसेज करतात, फोन करतात, कागदावर छापून आणतात.

आणि दरवर्षी मार्चच्या त्या शुक्रवारी स्वतः साडेसहाला येतात. सामना अर्धा झालेला असतो. बूट काढता काढता विचारतात, "लवकर कसा सुरू केला यांनी?"

भावजींचा आवडता शब्द म्हणजे 'गणिताने'. एखादा संघ कितीही मागे पडला, तरी जोवर उरलेले सगळे सामने जिंकून आणि बाकीचे सगळे हरून तो आत येऊ शकतो, तोवर भावजी म्हणणार, "गणिताने अजून शक्य आहे." डॉक्टरांनी त्यांना वर्षअखेरपर्यंत दहा किलो कमी करायला सांगितलं होतं. नोव्हेंबर संपत आला तेव्हा त्यांच्या बायकोने, शुभदाने, काटा पुढं ठेवला. भावजींनी आकडा पाहिला, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाले, "गणिताने अजून शक्य आहे." मग जिलबी घेतली.

*

शुभदावरून आठवलं. इथल्या मंडळात गणपतीत उकडीच्या मोदकांची स्पर्धा असते. एका वर्षी ती भरवायचं काम अविनाशकडे आलं. आठ जणी होत्या. दुसऱ्या कुणी आठ ताटं मांडून परीक्षक बोलावले असते. अविनाशने मानांकन केलं. मागच्या वर्षीच्या मोदकांवरून बायकांना एक ते आठ नंबर दिले, पहिलीची लढत आठवीशी, दुसरीची सातवीशी, असा तक्ता काढला आणि हॉलच्या दाराला लावला.

मी म्हटलं होतं, लावू नकोस. तो म्हणाला, "अगं, शास्त्रशुद्ध आहे."

पाच नंबरच्या खालच्या सगळ्या जणी त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. आठवी शुभदा होती. अविनाश तिची समजूत घालायला गेला, की वहिनी, आठवं मानांकन म्हणजे कमीपणा नाही, तुम्हाला थेट पहिल्या नंबराशी खेळायचा मान मिळतोय. शुभदाने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "पहिला नंबर कोणाला दिलाय?"

तो मला दिला होता.

शुभदाने मला पहिल्याच फेरीत हरवलं. माझ्या दोन मोदकांना चीर गेली होती. घरी येताना अविनाशने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "लीगमध्ये एका लढतीचे सात सामने असतात. एका सामन्यात कुणीही हरतं." माझी बाजू घेण्याची ही त्याची पद्धत होती. शुभदा अजून मला फोनवर "काय गं पहिला नंबर" म्हणते.

*

त्याच्या साहेबांचाही एक किस्सा आहे. साहेब कतारी, मितभाषी. हंगामाच्या शेवटी एकदा त्यांनी सहज विचारलं की तुझा संघ आत येणार का. अविनाशने सांगायला घेतलं. आम्ही उरलेले तिन्ही जिंकलो, अमुक दोन हरले, तमुक एक हरला आणि बरोबरीत आमचा हिशेब सरस निघाला, तर येणार.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "अविनाश," ते म्हणाले, "याला आमच्याकडे इन्शाल्ला म्हणतात."

*

माझं स्वतःचं म्हणाल तर मी इथं शाळेत गणित शिकवते. पण शुक्रवारी माझी जागा ओट्यापाशी, आणि हॉलमधल्या त्रिमूर्तीची समजूत अशी होती की मला फक्त पोहे कळतात. अविनाश दरवर्षी म्हणायचा, आपला संघ आत आला की तुला शेजारी बसवून एक आख्खा सामना पहिल्यापासून समजावून सांगणार. मी म्हणायची, बरं. संघ काही आत आला नाही, मला काही कुणी समजावलं नाही.

एका शुक्रवारी दोन संघांची बरोबरी झाली होती आणि वर कोणाला ठेवायचं यावरून भांडण पेटलं. दोघांत झालेल्या चार सामन्यांत दोन-दोन. मिलिंद भावजी म्हणत होते, आता गुणांचा फरक बघायचा. अविनाश म्हणत होता, आपल्या विभागातल्या सामन्यांत कोण जास्त जिंकलं ते बघायचं. तानाजीभाऊ म्हणत होते, दोघांनाबी ठेवा. आवाज वाढला.

मी कढईत पोहे परततच म्हटलं, "त्याच्या आधी विभागातल्या पाच-पाच संघांच्या गटात पहिलं कोण आलंय ते बघतात. दोघांतला एकच गटविजेता असेल तर तो वर."

भावजींनी आपला छापील कागद काढला असावा, कारण तो उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा उलटल्याचा. शेवटी भावजींचा आवाज आला, "वहिनी, पोहे फार सुंदर झालेत हां."

पोहे अजून कढईतच होते.

*

यंदा संघ दहावा होता.

त्या गुरुवारी सकाळी अविनाश फ्रिजपुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. अकरावा संघ एकाच सामन्याने मागे होता आणि हंगाम रविवारी संपणार होता. त्याने दहाव्या नंबराची पट्टी बोटाने सरळ केली, चहा उभ्यानेच घेतला आणि जाताना म्हणाला, "तू रविवारचं काही ठरवू नकोस." मी बरं म्हटलं. डबा विसरला होता, तो मी लिफ्टपाशी नेऊन दिला.

नाशिकला सगळं आटोपून मी आणि आमची मुलगी रेवा तीन आठवड्यांनी परत आलो. रेवा अकरावीत आहे, तिची शाळा होती, माझीही होती. घराची किल्ली तानाजीभाऊंकडे होती. त्यांनी तुळशीला पाणी घातलं होतं, एसीचे फिल्टर धुतले होते. फ्रिजच्या दाराला हात लावला नव्हता. पट्टी दहाव्या जागेवर होती.

त्या शुक्रवारी साडेपाचला बेल वाजली. मिलिंद भावजी आणि तानाजीभाऊ. भावजी वेळेवर आले होते, हे मी मनात नोंदवलं. दोघं नेहमीच्या जागी बसले, मधली जागा सोडून. समोर टीव्ही बंद. सामना होता की नव्हता, मला माहीत नाही. रिमोट टीपॉयवरच होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी पोहे टाकले. हॉलमध्ये उकाड्यावर बोलणं चाललं होतं. मग कुठल्याशा रस्त्याच्या कामावर. मग पुन्हा उकाड्यावर. मधेच भाऊ म्हणाले, "पर शेवटच्या दिशी आपल्या टीमनं..." आणि भावजींना मोठा खोकला आला. खोकला थांबल्यावर दोघं रस्त्याच्या कामावर परत गेले. दोन मोठी माणसं, बंद टीव्हीसमोर, पोह्याची बशी छातीशी धरून.

तानाजीभाऊ पाणी प्यायला आत आले. फ्रिजपुढं थांबले. त्यांचा हात पट्टीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी ओट्यापाशी उभी आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"वैनी," ते म्हणाले, "ही पट्टी तेवढी..."

"असू द्या, भाऊ."

"न्हाय, म्हंजे जागेवर लावली असती. अविनाशसायबांनी लावलीच असती की."

"असू द्या."

पट्टी वर जाणार होती की खाली, ते मला कळू नये म्हणून भाऊंनी दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले आणि लहान मुलासारखे तसेच उभे राहिले. मग पाणी न पिताच बाहेर गेले. बाहेरून भावजींचा दबका आवाज आला, "सांगितलंत?" भाऊ म्हणाले, "न्हाय."

ते गेल्यावर रेवा खोलीतून आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये येतं. तिने फ्रिजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, डू यू वॉन्ट टू नो?"

मी तिला बशी दिली आणि पोहे गार होताहेत म्हटलं.

हे होऊन बरेच शुक्रवार झाले. दोघं अजून येतात, उकाड्यावर बोलतात. रविवारी काय झालं, ते मी अजून कोणालाही विचारलेलं नाही.