सात एकांची संख्या आणि म्हात्रेबाई

आदरणीय म्हात्रेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशी सालाच्या आसपास, वाशीतल्या आमच्या नव्या शाळेत. आम्ही गिरगावातून नुकतेच राहायला आलो होतो. बाई जवळच्याच बोनकोडे गावच्या, सायकलवरून येत. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर ओळीनं सात एक लिहिले, १११११११, आणि विचारलं, ही संख्या मूळ आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला निःशेष भागणारं कुणीच नाही का?

बाई उत्तरं सांगत नसत, शोधायला लावत. मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार एक हजार चोपन्नच्या आत सापडतो, तेव्हा तिथवरच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, हे त्यांनी पटवून दिलं. अशा संख्या पावणेदोनशेच्या घरात. त्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांनी वर्गात वाटल्या. माझ्या चिठ्ठीत चार होत्या. तीन भागाकार केले, चौथा २३९ चा. कंटाळा आला. कुणाचाच भाग जात नव्हता, माझा कुठून जाणार? न भागताच मी ‘जात नाही’ असं लिहून दिलं.

आठवड्यानं फाटकाजवळच्या फळ्यावर झळकलं: ही संख्या मूळ आहे, शोध इयत्ता नववी. मुख्याध्यापकांनी पालकांसमोर बाईंचं कौतुक केलं. मला मात्र तो फळा बघवेना. घरी जाऊन कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडला. चार, सहा, चार. शेवटी २१५१ उरले, आणि २३९ ला नऊनं गुणलं तर तेही बरोबर २१५१. बाकी शून्य. अंगावर काटा आला. इतकी एकसंध दिसणारी संख्या, ती २३९ आणि ४६४९ यांचा गुणाकार होती. जगात एकही शाळा नव्हती तेव्हाही होती. आमच्या घोषणेनं तिला काडीचा फरक पडला नव्हता. त्या नवलातून मी अजून पुरती बाहेर आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी रडत रडत बाईंना सांगितलं. त्यांनी आधी भागाकार स्वतः करून पाहिला. शून्यापाशी थांबल्या आणि चक्क हरखल्या. मग गावच्या बोलीत म्हणाल्या, “पोरी, आकडा कुनाची भीड ठेवत नाय. तू नाय भागलंस, मी नाय तपासलं. चूक दोघींची हाय.”

प्रार्थनेच्या वेळी मात्र त्यांनी साऱ्या शाळेसमोर चूक एकट्या स्वतःवर घेतली. माझं नाव घेतलं नाही. मुख्याध्यापकांनी सुनावलं, पालकांनी नाकं मुरडली. बाईंनी ऐकून घेतलं. पुढं प्रत्येक भागाकार दोघांनी वेगवेगळा करायचा असा नियम झाला, आणि त्या नियमातून बाईंनी स्वतःच्या गणितांनाही सूट दिली नाही.

आता बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यानिमित्त आम्ही विद्यार्थी काढत असलेल्या या गौरवग्रंथाच्या बैठकीत एका वर्गमित्रानं बाईंची ‘ती एकमेव चूक’ गमतीनं सांगितली. सगळे हसले, बाईही हसल्या, आणि याही वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीही गप्प बसले, याची मला लाज वाटते. म्हणून इथं लिहिते: ती चिठ्ठी माझी होती. बाई, तुम्हाला शंभरी गाठण्याइतकं, आणि तीही ठणठणीत गाठण्याइतकं आयुष्य लाभो. मात्र ही पुढची सगळी वर्षं ती चूक माझ्या नावावर राहू द्या.