मागं सरकणारी मुलगी

गावोगाव नुकतीच केबल पोचत होती, तेव्हा मी टीव्हीवरच्या मुलांच्या कार्टूनसाठी चित्रं काढायचे. भात लावणाऱ्या मुलीचं चित्र हवं होतं, म्हणून तळेघरला गेले, तर लावणी उरकलेली. मग परतीच्या एसटीत अंदाजानेच पेन्सिल चालवली.

चित्र टीव्हीसाठी आहे हे कळल्यापासून शेजारच्या बाई वहीत डोकावत होत्या. "अवो ताई, ही पोरगी पुढं चाललीय. लावलेली रोपं तुडवती की!"

मला कळेना. तशा त्या उठल्या, कमरेत वाकल्या आणि हवेत एकेक रोप खोवत चालत्या गाडीत मागं मागं सरकू लागल्या. कंडक्टरला धडकल्या तेव्हाच थांबल्या.

"मावशी, कुठं निघाला?"

"भात लावतीय, भाऊ."

सगळी गाडी हसली. त्या नाही हसल्या. "आमच्या पोरी टीवीत पयल्यांदा दिसणार, आन् त्याबी रोपं तुडवताना?"

नशीब, अजून शाई चढवली नव्हती. मी सगळं खोडलं आणि मुलीला मागं सरकवलं. बाईंनी वही मांडीवर घेतली, चित्रातल्या मुलीच्या पावलांपुढच्या रोपांच्या ओळीवरून सावकाश बोट फिरवलं.

"आता जगत्याल," म्हणाल्या, आणि स्वतःचं खाचर लावून झाल्यासारख्या डोळे मिटून मागं टेकल्या.