नवव्या वर्षातला टेलरमास्तर

माझ्या धाकट्या भावाला रस्त्यात कोणी त्याच्या नावाने हाक मारत नाही. सगळे 'मास्तर' म्हणतात, कारण टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत तो नऊ वर्षं टेलरमास्तर होता. त्याला बघितलं की पोरं मुद्दाम धपकन खाली बसतात आणि ओरडतात, "मोजलं होतं हो!" हा थांबतो, हसतो, हात हलवतो. मी बरोबर असले तर डोळे वटारते. "जाऊ दे ना, ताई," तो म्हणतो.

'मोजलं होतं हो' हे वाक्य मालिकेत तो पहिल्यांदा बोलला तेव्हा मी रडले होते. आता कोणाला सांगून पटायचं नाही.

मालिकेचं पहिलं वर्ष होतं. एका इमारतीतली चार बिऱ्हाडं आणि तळमजल्यावर याचं शिवणाचं दुकान. भूमिका मिळाली तेव्हा हा पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून होता. कचेरी सुटली की एका खऱ्या शिंप्याकडे जाऊन बसायचा. तीन महिने बसला. काज कसं करतात, दोरा दातांनी कसा तोडतात, सगळं शिकला. माझ्या उशांचे दोन अभ्रे त्यात कामी आले. त्या वर्षीच्या एका भागात शेजारच्या विधवेच्या मुलाला मुलाखतीसाठी कोट हवा असतो आणि मास्तर बाही दोन बोटं आखूड कापतो. दुसरं कापड नाही, मुलाखत उद्यावर. बायको विचारते, "आता?" हा ती बाही हातात धरून अगदी हळू म्हणतो, "मोजलं होतं हो." आणि स्वतःचा एकुलता एक कोट उसवायला घेतो. आम्ही हसतही होतो आणि जीवही टांगणीला लागला होता. माणूस घसरला तर त्याचं काहीतरी मोडणार असतं, म्हणून तर त्याच्या घसरण्यावर आपलं लक्ष असतं.

लोकांना ते वाक्य आवडलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

दुसऱ्या वर्षी ते महिन्यातून एकदा आलं, तिसऱ्या वर्षी दर आठवड्याला. चौथ्या वर्षी मास्तर बाहीच्या जागी पँटचा पाय जोडू लागला. पाचव्या वर्षापासून त्याला खुर्चीवर बसता येईना. दर भागात एकदा तो मागे हात नेऊन खुर्ची चाचपायचा आणि नेमका तिच्या शेजारी जमिनीवर बसायचा. दुकान दोनदा जळलं, पण पुढच्या आठवड्यात भिंतीला काजळीसुद्धा नाही. बायको तीनदा घर सोडून गेली आणि जाहिराती संपल्यावर चहा घेऊन आली. ज्याचं काहीच बिघडू शकत नाही त्याची काळजी कोण करणार? आणि काळजी संपली की उरतं ते नुसतं धपकन.

मी हे त्याला तोंडावर सांगायचे. "पहिल्या वर्षी तू माणूस होतास. आता खुळखुळा झालायस."

"खुळखुळ्यावर घर चाललंय, ताई."

"घर चाललंय. गुडघे कुठे चालतायत?"

एकेका पडण्याचे तीन-तीन टेक व्हायचे. घरी आला की गुडघ्यांना शेक.

नववं वर्ष शेवटचं, असं जाहीर झालं. त्यानंतरच्या रविवारी तो माझ्याकडे आला. बसायच्या आधीच म्हणाला, "मी मागितलं."

"काय मागितलंस?"

"मास्तर. पहिल्यासारखा."

मालिकेची नवी लेखिका पंचविशीची पोर. शाळेत असताना तिने ते पहिलं वर्ष डोळे लावून पाहिलं होतं. तिने प्रसंग लिहिला: मास्तरची नजर चाललीय, आणि तो ते बायकोला सांगतो. बस, एवढाच. दिग्दर्शकाने अट घातली. प्रेक्षकांसमोर एकदा करून बघू. लोकांनी मान्य केलं, तर उरलेले आठ भाग मास्तर दुकान कसं सोडतो त्याचे. हसले, तर डॉक्टरचा रिपोर्ट चुकला म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यापासून पहिले पाढे पंचावन्न.

"तू ये," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत बस. माझ्या पडण्याला न हसणारं एक तरी तोंड समोर पाहिजे."

"मी आणि हसणार? वेडा आहेस का?"

आठ दिवस तो डोळ्यांच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बसला. एकसष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, बाकावर. मग मला सांगायला आला. "दिसेनासं झालेला माणूस वस्तू पकडत नाही, ताई. आधी हाताने विचारतो, तू इथे आहेस ना? मग पकडतो." माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर त्याने ते करून दाखवलं, आणि मला बघवेना.

चित्रीकरण दुपारी होतं. दोनशे माणसं असतील. मी पहिल्या रांगेत, मधोमध. मास्तर मशीनशी उभा राहून सुईत दोरा ओवत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग त्याने सुई ठेवून दिली, गळ्यातली टेप काढली आणि घडी घालू लागला. हॉल शांत होता. मला वाटलं, जमलं. बायकोने विचारलं, "काय झालं हो?" सांगायचं म्हणून तो बसायला वळला. हात मागे खुर्चीकडे गेला, हळूच, विचारत.

आणि मी हसले.

घाबरून नाही, गहिवरून नाही. सारवासारव मी करणार नाही. हात खुर्चीकडे गेला आणि पोटातून हसू वर आलं, बस. माझं हसू मोठं आहे, ठसका लागल्यासारखं फुटतं. पाठोपाठ दोनशे माणसं हसली. तो खुर्चीवर नीट बसला. नीट बसला म्हणून टाळ्या पडल्या.

त्याने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. माझं हसू तो लहानपणापासून ओळखतो. मग राहिलेला प्रसंग त्याने पूर्ण केला, एक शब्द न गाळता. "डॉक्टर म्हणाले, वर्षभर दिसेल." हशा. "तुझा चेहरा पाठ करून ठेवतो." हशा.

दिग्दर्शक म्हणाला, "परत घेऊ. मी लोकांना समजावून सांगतो." लेखिका रडवेली झाली होती. "काका, प्लीज. एकदाच."

"नको गं," तो म्हणाला. "लोकांना सांगून गप्प बसवायचं, तर मी कशाला हवा? रिपोर्ट बदला."

मेकअपच्या खोलीत तो तोंड पुसत होता. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"छे. हसू आलं म्हणजे जमलं की."

"माझ्याशी असं बोलू नकोस. मला ठाऊक आहे काय झालं ते."

"नऊ वर्षं मीच शिकवलं ना तुला, ताई? हुशार विद्यार्थिनी निघालीस." हे तो मास्तरच्या आवाजात बोलला. घरात तो आवाज त्याने कधी काढला नव्हता.

पुढच्या आठवड्यात रिपोर्ट दुसऱ्याच कोणाचा निघाला आणि मास्तर आनंदाने धपकन पडला. उरलेले सगळे भाग मी पाहिले. तो एकदाही चुकला नाही.

याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी दवाखान्यात गेले. पूर्वी दुखलं-खुपलं तो मला एकटीला सांगायचा. "आज फार ठणकतंय गं," असं, आवाज खाली आणून. मी विचारलं, "दुखतंय का रे?"

त्याने डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली आणि उशीवर मेल्यासारखा पडला. भावजय हसली, नर्स हसली.

"खरं सांग."

त्याने एक डोळा उघडून नर्सला विचारलं, "ही बाई कोणत्या वॉर्डातून सुटलीय?"

मी त्याचा चेहरा बघत राहिले. कपाळावर घाम होता. तो दुखण्याचा की उकाड्याचा, मला सांगता येईना. साठ वर्षं मी हा चेहरा वाचत आले, आणि आता त्यात माझ्यासाठी काही लिहिलेलंच नसतं. नर्स निघून गेली, भावजय औषधं आणायला गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो, तरी त्याने दुसरं तोंड केलं, आणखी वेडंवाकडं.

मी हसले. दुसरं काय करणार? पुरेसं हसले का, ते त्याने नीट पाहून घेतलं, आणि मग डोळे मिटले.