ससा, बदक आणि हळू गाणारा माणूस

एडिनबराला गेलो तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. सहा महिन्यांत दोघींना बोलावून घेतो, असं बायकोला सांगून निघालो होतो. पण सर्जरीच्या परीक्षेत एकदा नापास झालो, मग दुसऱ्यांदाही. हॉस्पिटलने दिलेली खोली एकट्यापुरती होती, आणि पास झाल्याशिवाय कोणत्या तोंडाने बोलवायचं, असंही वाटत होतं. सहा महिन्यांची साडेतीन वर्षं झाली.

मधल्या एका ख्रिसमसच्या आधी मी एका दुकानात शिरलो. शिरलो तो थंडीमुळे, घ्यायचं काहीच नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "लहान मुलासाठी का?" मी हो म्हणून गेलो. त्यांनी एक मोठी रेकॉर्ड पुढे केली. कव्हरवर काउबॉयच्या टोप्या घातलेले ससा, बदक आणि कोकरू. सशाच्या हातात गिटार होती. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतली गाणी या प्राण्यांनी चिरक्या आवाजात म्हटलेली. "मूल किती वर्षांचं आहे?" बाईंनी विचारलं. मला क्षणभर हिशेब करावा लागला.

रेकॉर्ड तर घेतली, पण प्लेअर नव्हता. तो पुढे एका परत जाणाऱ्या डॉक्टरकडून घेतला. तोवर मी हॉस्पिटलची खोली सोडून एका विधवा बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या, बायको-मुलगी येणार म्हणून. रविवारी जेवण झालं की मी रेकॉर्ड लावायचो. सुरुवातीला हसू यायचं. मग शब्द कळायला लागले. ससा गाडी चुकल्याचं सांगायचा, बदक आईचं पत्र आलं नाही म्हणायचं, कोकराची कोणी वाट पाहत नव्हतं. आवाज मात्र सगळे गुदगुल्या केल्यासारखे. ऐकता ऐकता मी डबल ब्रेस्टेड कोट घालून खुर्चीत तसाच बसून राहायचो, कारण हीटर एकच होता आणि तो मी दोघींसाठी ठेवलेल्या खोलीत लावून ठेवत होतो. का, ते आता सांगता येत नाही.

एकदा घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. "पोरगी आली वाटतं तुझी? गाणी ऐकू येतात."

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यानंतर त्यांनी गाण्यांविषयी कधी काही विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला पास झालो आणि दोघी आल्या. स्टेशनवर मुलगी आईच्या कोटामागे लपली. फोटोत पाहिलेला चेहरा तोच होता, पण मला बघून ती जे करत होती ते फोटोत नव्हतं. ती माझ्याशी बोलायचीच नाही. काही हवं असलं की आईला म्हणायची, "त्यांना सांग ना." तिच्या लेखी घरातला पुरुष म्हणजे पुण्यातले आजोबा.

दुसऱ्याच दिवशी मी रेकॉर्ड लावली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच, असं मनात होतं. ससा गायला लागला आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवून रडायला सुरुवात केली. "आई, त्यांना सांग, बंद करा!"

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. "नवीन आहे अजून." मी रेकॉर्ड कपाटावर ठेवून दिली.

महिनाभराने एका रविवारी दुपारी बायको कपडे धुवायला लाँड्रेटमध्ये गेली. मुलीला सर्दी होती म्हणून ती घरी राहिली. कोट घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, आई येईपर्यंत तिथून हलायचं नाही म्हणून. मी दोनदा हाक मारली, दूध हवं का विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. चार पावलांवर माझं स्वतःचं मूल बसलेलं आणि त्याच्याशी बोलायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

मी रेकॉर्ड खाली काढली. आवाज जरा मऊ येईल म्हणून प्लेअरचा स्पीड नेहमीच्या तेहतीसवरून सगळ्यांत खाली, सोळावर नेला. गिटार घुमायला लागली, जड, लांबच लांब. आणि तिच्यावर एका साध्या माणसाचा आवाज आला. थकलेला, एकेक शब्द ओढत गाणारा. आत ससा नव्हताच कधी. मी उभाच राहिलो.

थोड्या वेळाने दारात ती उभी होती.

"ससा कुठे गेला?" ती थेट मला विचारत होती.

"हाच तो. भरभर फिरवलं की ससा होतो, हळू फिरवलं की माणूस."

ती ऐकत राहिली. "त्याला बरं नाहीये?"

"बरं आहे. दमलाय."

ती उंबऱ्यात बसली. आत आली नाही, पण एक बाजू संपेपर्यंत उठलीही नाही. खाली दार वाजलं तशी धावत गेली. "आई, वरती एक माणूस आहे!"

"बाबा आहेत ना तुझे," बायको हसत म्हणाली.

"ते नाही. दुसरा."

पुढच्या रविवारपासून ती 'हळू माणूस' लावायला सांगू लागली, मलाच. उंबऱ्यातून गालिच्यावर, गालिच्यावरून माझ्या खुर्चीच्या पायाशी, असं करत हिवाळा संपला. बाबा ती मला पहिल्यांदा कधी म्हणाली, ते आठवत नाही. मी वाट पाहणं सोडलं होतं तेव्हा कधीतरी.

नंतर आम्ही खाली इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकला आलो. ती शाळेत गेली, इंग्रजीत बोलू लागली, इंग्रजीतच भांडू लागली. मराठी उरलं ते 'माझा पुस्तक' इतपत. तिच्याशी माझं वाईट नव्हतं कधी. पण बायको आणि ती स्वयंपाकघरात हसत असल्या आणि मी आत गेलो की हसणं थांबायचं, आणि दोघी मला चहा हवा का विचारायच्या.

ती पंधरा वर्षांची असताना आम्ही लंडनमध्ये पिनरला एका मराठी कुटुंबाकडे गणपतीला निघालो होतो. बायको आदल्या दिवशीच मदतीला गेली होती. गाडीत आम्ही दोघंच.

"बाबा," ती अचानक म्हणाली, "तुम्ही आम्हाला न्यायला का नाही आला? थ्री अँड अ हाफ इयर्स?"

"परीक्षा होती," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. आणखी काहीतरी सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पिनर यायला अजून पाऊण तास होता.